डोंगर न दिसणारी खोली

"इथूनही दिसतोय!" वॉशिंग मशीनवर उभा राहून मी ओरडलो.

दाराशी उभ्या असलेल्या मीग्योंगने हातातल्या फ्लॅटच्या आराखड्यावर शेवटची फुली मारली. हॉल झाला होता, दोन्ही झोपायच्या खोल्या झाल्या होत्या, स्वयंपाकघर झालं होतं, आणि आता कपडे वाळवायची ही बोळकांडीही बाद झाली. अठराव्या मजल्यावरच्या त्या घरात कुठेही उभं राहा, समुद्रापलीकडे यौंगदो बेट दिसायचं आणि त्याच्या मधोमध, रवंथ करत बसलेल्या म्हशीसारखा, बोंगनेसान डोंगर.

"न्हाणीघर राहिलं," मी खाली उतरत म्हणालो. "त्याला खिडकीच नाही. आजींचं अंथरूण तिथं घालू या."

मीग्योंग हसली नाही. ती बुसानमधल्या एका शाळेत भूगोल शिकवायची. भूगोलाच्या मास्तरणींना डोंगराची थट्टा आवडत नसावी, असं मी आपलं मनाशी ठरवलं. खरं कारण वेगळं होतं आणि तिचा हात त्याच्यावरच होता. लग्नाला बरीच वर्षं होऊन, दोनदा आशा मोडल्यावर, चाळिशी उलटताना तिला दिवस गेले होते. येत्या सोमवारपासून अंथरुणातून उठायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नवरा मालवाहू जहाजावर, कुठंतरी पेरूच्या वाटेवर. घरात तिच्या हातात पाण्याचा पेला द्यायला कुणी नव्हतं. आई होती, पण आई त्या डोंगराच्या अंगाखांद्यावर राहत होती आणि तिथून हलायला तयार नव्हती.

"लोक समुद्र दिसणारं घर मिळावं म्हणून जिवाचं रान करतात," मीग्योंग म्हणाली, "आणि मी समुद्र न दिसणारी खोली शोधतेय. आईसाठी. चारशे मीटरही उंची नाही हो त्या डोंगराची. मी मुलांना एका तासात शिकवून संपवते."

"मी समजावतो त्यांना."

"तुमचं ती ऐकते," मीग्योंग म्हणाली.

हे तिचं सौजन्य होतं. तिची आई, माल्सुनआजी, कुणाचंच ऐकत नसे, कारण तिला ऐकूच येत नसे.

माल्सुनआजी माझी घरमालकीण. यौंगदो हा बुसान शहराचा एक जिल्हा, पण जिल्हा म्हणजे अख्खं बेट, आणि बेट म्हणजे जवळजवळ तो एकच डोंगर. त्या काळी ते शहराला उत्तरेकडच्या दोन पुलांनी जोडलेलं होतं. त्यातला जुना पूल एके काळी गलबतं जाऊ द्यायला मधोमध वर उचलला जायचा. लढाईच्या दिवसांत ताटातूट झालेल्या माणसांनी एकमेकांना "यौंगदोच्या पुलावर भेटू" असं सांगून ठेवलं होतं म्हणतात. पुलाच्या पायथ्याशी जहाजं दुरुस्त करणारे कारखाने. मुंबईच्या एका जहाज कंपनीने आपल्या जहाजांच्या दुरुस्तीवर नजर ठेवायला मला तिथं पाठवलं होतं. नजर ठेवणं म्हणजे काय, हे कंपनीने सांगितलं नव्हतं, त्यामुळे मी हेल्मेट घालून गंभीर चेहऱ्याने चहा प्यायचो.

आजीने उमेदीची सगळी वर्षं त्याच कारखान्यांत काढलेली. जहाजाच्या बुडाला चढलेला गंज आणि शिंपले हातोडीने ठोकून काढायचं काम तिकडे बायका करत. दोरीला लटकलेल्या फळीवर बसायचं आणि दिवसभर ठणाठणा ठोकायचं. त्या ठोकाठोकीत नवरा नसलेल्या बाईने दोन मुलं वाढवली आणि दोन कान घालवले.

घर चोंगहाकदोंग वस्तीत, डोंगराच्या पूर्व उतारावर. खाली बंदराचं तोंड, पलीकडे मीग्योंगची उंच इमारत. मधे नुसतं पाणी. स्वच्छ हवेच्या दिवशी आजी मला अंगणातून बोट करून लेकीचं घर दाखवायची, "थय माझा चेडू रवता. ता बघ, पांढऱ्या बिल्डिंगीत." बसने जायचं तर मात्र पूल ओलांडून अख्ख्या बंदराला वळसा.

आजी मालवणी बोलायची नाही, हे सांगायला हवं. ती बुसानची खेडवळ बोली बोलायची. पण शब्द तोडून टाकायची तीच तऱ्हा, प्रेमाने बोलतानाही भांडल्याचा तोच सूर. माझ्या कानात तिचं कोरियन थेट कोकणातल्या आमच्या आचऱ्याच्या बाजारात उतरायचं. त्यामुळे आजही मला तिचं बोलणं मालवणीतच आठवतं, आणि मी ते तसंच लिहिणार. तिच्या पोरीचं शुद्ध, शाळेतलं. मला आजी "इंदो" म्हणायची, म्हणजे हिंदुस्थान. एवढ्या मोठ्या देशाचं नाव माझ्यासारख्या किडकिडीत माणसाला पेलत नसे.

आता डोंगराचं. बोंगनेसानला तीन शिखरं आहेत. एकाचं नाव आजोबा, दुसऱ्याचं मुलगा, तिसऱ्याचं नातू. आजीच्या वाट्याला शिखर नाही, आजोबाच्या माथ्यावरचा एक खडक तेवढा आहे. जगात सगळीकडे तीच वाटणी. पण अख्ख्या बेटावर सत्ता चालते ती त्या खडकातल्या आजीची. तिला हाल्मे म्हणतात. हाल्मे बेटावर येणाऱ्याला पोटाशी धरते, पण सोडून जाणारा तिला खपत नाही. बेट सोडून गेलेल्या माणसाचं तीन वर्षांत वाटोळं होतं, असा तिथला जुना समज. म्हणून बेट सोडायचंच झालं, तर लोक तिची नजर चुकवून निघत, आणि राहायला जात ते जिथून बोंगनेसान दिसत नाही अशाच जागी. आपल्याला डोंगर दिसत नाही म्हणजे डोंगरालाही आपण दिसत नाही, असा सरळ हिशेब.

हे ऐकून मी पोट धरून हसलो होतो. मी विज्ञानाचा पदवीधर. आता माझं गाव आचरा, आणि आमच्या गावचा देव दर काही वर्षांनी कौल देतो आणि अख्खं गाव गुरंढोरं, कोंबडी, कुत्र्यांसकट तीन दिवस वेशीबाहेर झोपड्या बांधून राहतं. त्याला गावपळण म्हणतात. मी तिच्यावर कॉलेजात असताना एक जळजळीत भाषण केलं होतं. मात्र त्या वर्षीच्या गावपळणीत मीही गावात थांबलो नाही. झोपडीत पत्ते छान रंगतात, एवढंच कारण.

तर असा हा उंटावरचा शहाणा त्या संध्याकाळी नकाशा घेऊन आजीसमोर बसला. ती चुलीवर मासा भाजत होती.

"आजी, मीग्योंगच्या घरातली आतली खोली आहे ना, तिच्या खिडकीपुढे मोठं कपाट उभं करू. मग डोंगर दिसणार नाही."

"कपाट?"

"कपाट!" मी ओरडलो. "खिडकीपुढे!"

"आणि माका वारो खयसून येतलो?"

"पंखा लावू."

तिने मासा उलटला. "हाल्मेक कपाट आड येता? जहाजाच्या पोटातला भोक दिसता तिका."

विज्ञान इथं संपलं, म्हणून मी श्रद्धेकडे वळलो. माझा हुकमी पत्ता तोच होता. मी तिला गावपळण सांगितली. देवाने सांगितलं की आम्ही सगळे बिनधास्त गाव सोडतो, देव रागावत नाही, तीन दिवसांनी परत येतो, सगळं सुरळीत असतं. ओरडून ओरडून माझा घसा बसला. आजीने सगळं ऐकून घेतलं, किंवा तसं दाखवलं.

"सगळेच जातत?" तिने विचारलं.

"सगळे. एक कोंबडी मागे राहत नाही."

"मगे देवाकडे कोण रवता?"

"कुणीच नाही."

"बिचारो," आजी म्हणाली, आणि माशाची मोठी तुकडी माझ्या ताटात घातली. आमच्या ग्रामदैवताला आजवर कुणी बिचारा म्हटलं नव्हतं. माझ्या भाषणातसुद्धा ते नव्हतं.

माझी आणखी एक अडचण होती. महिनाअखेरीस मी स्वतःच यौंगदो सोडणार होतो. कंपनीची बाकीची हिंदुस्थानी मंडळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेउंदेच्या समुद्रकिनाऱ्याजवळ राहायची. तिथं लिफ्ट होती, रविवारी क्रिकेट होतं, आणि एका पंजाबी बाईच्या घरी राजमा होता. माझी खोली ठरली होती. हे आजीला सांगितल्यावर ती म्हणाली होती, "तू जा रे. तू हयलो नाय, तुका हाल्मे काय करूची नाय." यात थोडा अपमान आहे असं मला तेव्हाही वाटलं होतं.

शनिवारी सकाळी मीग्योंगचा फोन आला. तिला आदल्या दिवशी थोडं रक्त गेलं होतं. पोटातलं मूल सुखरूप होतं, पण आता सोमवारची वाट न बघता पडून राहायला सांगितलं होतं.

"शेजारीण जेवण ठेवून गेली," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा शाळेतला नव्हता. "आईला सांगा, नाहीतर नका सांगू. तिला डोंगर हवाय. दादा गेला तेव्हा तिने सगळं खापर डोंगरावर फोडलं. दादाची गाडी बर्फावरून घसरली होती. मासानच्या घाटात त्या दिवशी किती बर्फ होतं ते मी तिला पेपरात दाखवलं. तिने पेपर बाजूला सारला. आता माझी पाळी. मला काही झालं तर तेही डोंगरानेच केलं म्हणेल, आणि इथं यायची नाही ती नाहीच."

फोन ठेवल्यावर मी आजीला सगळं सांगितलं. ओरडून सांगण्यासारखी गोष्ट नव्हती ती, पण ओरडावी लागली, आणि दोन गल्ल्यांना कळली. आजी अंगणात गेली. पलीकडच्या पांढऱ्या इमारतीकडे बघत बराच वेळ उभी राहिली. पदराला हात पुसावेत तसे ती पायजम्याला हात पुसत होती, कोरडे हात, पुन्हा पुन्हा.

"उद्या माझ्यावांगडा वर येशीत?" तिने विचारलं. "हाल्मेकडे. माझे गुडघे एकटे चढूक देत नाय."

"तिची परवानगी घ्यायला?" मी आशेने विचारलं.

"तुझा तोंड उघडा असला काय माका भीती वाटता," आजी म्हणाली. "गप येवचा."

रविवारी आम्ही निघालो तेव्हा आणखी दोघीजणी दारात हजर होत्या, आजीच्या फळीवरच्या जुन्या सोबतिणी. हातोडीने त्यांचेही कान नेलेले. टॅक्सीने आम्ही उतारावरच्या देवळापर्यंत गेलो आणि पुढची पायवाट धरली. तिघींच्या पाठीवर पिशव्या: तांदळाची दारू, तांदळाच्या वड्या, सुका मासा. सुका मासा देवाला! माझं कोकणी मन पहिल्यांदाच त्या धर्माकडे झुकलं. माझ्याकडेही एक नारळ होता. कारखान्यात लागलेल्या आमच्या जहाजाच्या भंडाऱ्याने, म्हणजे स्वयंपाक्याने, तो मला चटणीसाठी दिला होता. डोंगरावर देवी आहे म्हटल्यावर मी तो सकाळी पिशवीत टाकला. का टाकला, ते मला विचारू नका. मी विज्ञानाचा पदवीधर आहे.

वाटेत तिघी एकमेकींशी बोलत होत्या. तिघींना ऐकू येत नसल्याने तिघी एकाच वेळी बोलायच्या आणि कुणाची गैरसोय होत नसे. धापा फक्त मी टाकत होतो. आजीच्या गुडघ्यांना आधार द्यायला नेलेला तरणाबांड मी, शेवटच्या चढणीवर तिची पिशवीच धरून चाललो होतो, म्हणजे पिशवीने मला ओढलं.

वर पोचलो. अख्खा जिल्हा पायाशी पडला होता. उत्तरेला दोन पूल आणि त्यांच्या पायथ्याशी आमचे कारखाने. पश्चिमेला कड्याच्या टोकावर चिकटलेली गरिबांची पांढरी घरं, जिथं आता कॉफीची दुकानं झालीत. दक्षिणेला तेजोंगदेचे कडे आणि दीपगृह. हवा स्वच्छ असली तर तिकडून जपान दिसतो म्हणतात, मला कधी दिसला नाही. आणि पूर्वेला, बंदराच्या पाण्यापलीकडे, पांढरी इमारत. अठरावा मजला मोजावा लागला नाही. आजीचं बोट आधीच तिकडे होतं.

"हयसून सगळा दिसता," ती म्हणाली. "मगे तिका कित्याक दिसूचा नाय?"

हाल्मेचा खडक दिसायला साधा. त्याच्यापुढे पिशव्या उघडल्या, दारू शिंपडली. तिघी वाकल्या, मीही वाकलो. मग आजी खडकाजवळच बसली आणि माझ्याकडे न बघता बोलू लागली. पहिल्यांदाच ती हळू बोलत होती.

"माझो झील एकटो गेलो नाय मासानाक. मी पण गेल्लंय. नवी नोकरी, नवा घर, म्हणालो आये चल. मी घराक कुलूप घातलंय. भर दुपारी, हसत हसत. हयसर आमचा कोण म्हणान ऱ्हवला नाय." तिने गुडघा चोळला. "तिसरा वर्ष पुरा होवक नाय. तो गेलो, आणि मी परत इलंय. कुलूप काढलंय आणि बसलंय."

मी खडकापुढचा सुका मासा उगाच सरळ करून ठेवला.

"मीग्योंग लग्न करून थय गेली, तिका काय झाला? काय नाय. कित्याक? मी हय आसंय म्हणान. एक माणूस घरात आसा तोपर्यंत आमी गेलव नाय. समाजला?" आता तिने माझ्याकडे पाहिलं. "तिका वाटता मी तिच्यापेक्षा डोंगर मोठो धरतंय. पोटात ता एवढासा आसा तिच्या. मी कुलूप लावन तिच्याकडे जावन बसू? आणि उद्या काय झाला तर?"

मग ती उठली, खडकावर हात ठेवला आणि म्हणाली, "हिका इचारूक इल्लंय. ही कायच बोलत नाय."

मी तिथं वॉशिंग मशीनवर चढलो होतो, कपाटं सरकवायला निघालो होतो, नकाशे रंगवले होते. मी आणि मीग्योंग दोघे मिळून त्या म्हातारीला डोंगरापासून लपवायची जागा शोधत होतो, आणि ती इतकी वर्षं मुद्दाम डोंगराच्या नजरेसमोर बसली होती. लेकीची जामीन म्हणून. हे लेकीला माहीत नव्हतं. मला भडभडून आलं, आणि मला भडभडून आलं की मी काहीतरी मूर्खपणा करतो, हा घरचा अनुभव आहे.

मी पिशवीतून नारळ काढला.

"आमच्याकडे देव बोलत नसला की आम्ही बोलतो," मी ओरडून सांगितलं. "त्याला गाऱ्हाणं म्हणतात. मी एकेक वाक्य बोलेन. मी थांबलो की तुम्ही तिघींनी जोरात म्हणायचं, व्हय महाराजा."

"ह्वय माहाराजा," एकीने करून बघितलं. दुसरीने तिला दुरुस्त केलं, आणखी चुकीचं.

गाऱ्हाणं घालणं हे आमच्या गावात मानकऱ्यांचं काम. मी जन्मात कधी घातलं नव्हतं, लहानपणी मागे उभा राहून नुसता गजर केला होता. पण आचऱ्याचा माणूस हे विसरत नाही. नारळ खडकापुढे ठेवला, हात जोडले, आणि माझ्या तोंडून माझ्या आजोबांचा आवाज निघाला.

"बा हाल्मे, ह्या बेटाच्या राखणदारणी! आज तुझ्या माथ्यार ही तुझी लेकरां जमली हत."

"ह्वय माहाराजा!" जन्मभर हातोडीच्या आवाजावर आवाज चढवलेल्या तीन बायका ओरडल्या. झाडावरचे कावळे उडाले. खाली कुत्री भुंकू लागली.

"ही माल्सुन तुझ्या पायाकडे ऱ्हवली, घाम गाळून पोरां मोठी केली."

"ह्वय माहाराजा!"

"एक झील तिनी गमावलो. आता तिच्या चेडवाक दिवस गेले हत. तिका थय जावक होया. तिची वाट मोकळी कर. तिचा चेडू आणि पोटातला बाळ सुखरूप ठेव."

"ह्वय माहाराजा!"

इथं थांबायला हवं होतं. शहाणा माणूस थांबला असता. पण गाऱ्हाण्याची एक लय असते, आणि देवाकडे काही मागितलं की बदल्यात काही बोलायचं असतं. ते बोलल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. मी बोलून गेलो.

"आणि तुझ्याकडे मागे कोण रवतलो म्हणशीत, तर मी रवतंय. ह्या घरचो माणूस म्हणान माका धर. मी हय आसंय तोपर्यंत ही गेली असा मानू नको!"

"ह्वय माहाराजा!" तिघी गर्जल्या. एका अक्षराचा अर्थ न कळता तीन साक्षीदारणींनी सही केली.

मी नारळ दगडावर आपटला. तो फुटला, पाणी माझ्या बुटांवर सांडलं, आणि त्याच क्षणी मला हेउंदेची लिफ्ट, क्रिकेट आणि राजमा लख्ख दिसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण मग मला वाटलं, मालवणी इथं कोणाला कळणार? हाल्मेला तर नाहीच. मी सुटलो.

"शेवटी काय बोललंस?" आजीने विचारलं.

"काही नाही. नेहमीचंच."

"मोठ्यान बोललंस तू. घसो फाटलो तुझो. काय बोललंस?"

तिच्या डोळ्याला डोळा देऊन खोटं बोलायला माणूस वेगळा लागतो. मी माझ्या मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये सांगितलं. की तुम्ही जा, तुमच्या जागी मी घरात राहीन. घरचा म्हणून.

बाकीच्या दोघींना आजीने ते ओरडून सांगितलं. मग तिघींनी मला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं, बाजारात मासा घेताना निरखतात तसं.

"भाडेकरू चालता काय?" एकीने शंका काढली.

"ह्यो भाडेकरू नाय," आजी म्हणाली. "ह्यो आमचो."

ती खडकाकडे वळली. बराच वेळ तिने वाट पाहिली. खडक काही बोलला नाही, पण या वेळी तिला ते पुरेसं वाटलं असावं. फुटलेल्या नारळातला एक तुकडा तिने तोंडात टाकला आणि दुसरा माझ्या हातावर ठेवला. परत उतरताना ती माझा हात धरून उतरली. रडली फक्त एकदा, टॅक्सीत, आणि तीही मोठ्याने, कारण तिला वाटलं कुणाला ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, साऱ्या गल्लीदेखत, माल्सुनआजी एक गाठोडं आणि आंबवलेल्या कोबीची बरणी घेऊन लेकीकडे गेली. समुद्राकडच्या मोठ्या खिडकीजवळ तिने अंथरूण घातलं. मीग्योंगने मला फोन करून विचारलं, "तुम्ही काय जादू केलीत?" मी सगळं सांगितलं. आईचं कुलूप, तिचं जामीन बसणं, माझा नारळ, सगळं. मग मीग्योंग म्हणाली, "वेडी आहात तुम्ही दोघं. अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही. तुम्ही खुशाल हेउंदेला जा." आणि मग घाईने, "जाताय हे आईला आत्ता नका सांगू मात्र."

मीग्योंगला मुलगी झाली. आमच्याकडे श्रावणात झाली असती तर श्रावणी म्हटलं असतं. तिचं नाव सोयून ठेवलं. रडायला खणखणीत होती. आजीलासुद्धा ऐकू यायची.

मी हेउंदेला गेलो नाही. पहिली तीन वर्षं काढू, मग बघू, असं म्हटलं. तीन वर्षं झाली, आणि वाटलं, पोर बालवाडीत जाईपर्यंत कशाला धोका? उल्सानला बढती मिळत होती, मी पाठदुखीचं निमित्त सांगितलं. कुडाळची शुभदा माझ्याशी लग्न करून आली ती शंभर पायऱ्या चढून जायच्या त्याच घरात. तिने कारण विचारलं तेव्हा मी वारा चांगला येतो म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी तिने गल्लीतून खरं कारण काढलं. "विज्ञानाचे पदवीधर," ती म्हणाली, आणि आजतागायत घरात मला तेच नाव आहे.

माल्सुनआजी लेकीच्या घरी, नातीच्या शेजारी, समुद्राकडे तोंड करून शांतपणे गेली. तोवर चोंगहाकदोंगहून समोरच्या किनाऱ्यावर थेट जाणारा नवा पूल झाला होता, पण तिला तो उंच वाटायचा. ती गेल्यावर शुभदा म्हणाली, "आता तरी सुटलास ना?" ज्याच्यासाठी जामीन राहिलो ते माणूसच राहिलं नाही. हिशेबाने मी मोकळा होतो. तरी मी आणखी काही वर्षं वारा चांगला येतो म्हणत राहिलो. अखेर शुभदाच्या गुडघ्यांनी माझ्या विज्ञानावर मात केली. हेउंदेजवळ लिफ्टचं घर ठरलं. गेल्या नोव्हेंबरात, बुधवारी संध्याकाळी, सगळं सामान खोक्यांत भरून झालं होतं. ट्रक सकाळी येणार होता. मला अगदी हलकं वाटत होतं. डोंगराकडे मी मुद्दाम बघितलं नव्हतं, एवढंच.

तेव्हा मीग्योंगचा फोन आला. ती आता निवृत्तीला आलीय. सोयून बारावीला, आणि दुसऱ्या दिवशी तिची विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा. कोरियात त्या दिवशी पोरांचा इंग्रजी ऐकून उत्तरं लिहायचा पेपर चालू असला की विमानंसुद्धा आकाशात थांबवून ठेवतात. मी शुभेच्छा दिल्या. थंडी किती पडली ते झालं. सोयून जेवली का ते झालं. तरी मीग्योंग फोन ठेवेना.

"एक विचारू?" शेवटी ती म्हणाली. शाळेतला तो शुद्ध, करडा आवाज एकदम खाली आला होता. "तसं काही नाही. माझा विश्वास नाही, तुम्हाला माहीतच आहे. सहज विचारते. तुम्ही... अजून तिथंच आहात ना?"

मी खोक्यांकडे पाहिलं. शुभदा माझ्याकडे बघत होती.

"आहे की," मी म्हणालो. "आम्ही कुठं जातोय?"

पलीकडून एक मोठा श्वास ऐकू आला, आणि फोन बंद झाला.

शुभदाने कात्री घेतली, सगळ्यात वरच्या खोक्याची चिकटपट्टी कापली आणि भात लावायला कुकर बाहेर काढला.